रबरी बंपरची एमजीबी: १९७४ चा एक निर्णय आणि त्याची पुढची सहा वर्षं

एमजी म्हटलं की आपल्याकडे आता हेक्टर डोळ्यासमोर येते, हलोलच्या कारखान्यातली. तिचा आणि या लेखातल्या गाडीचा संबंध फक्त नावापुरता. इथे विषय आहे एमजीबीचा, इंग्लंडमधल्या छोट्या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारचा, आणि त्यातही तिच्या आयुष्यातल्या एकाच प्रसंगाचा: १९७४ मध्ये तिच्या नाकावर काळा जाडजूड बंपर आला आणि गाडी जमिनीपासून वर उचलली गेली, तो प्रसंग. माणसांची नावं मुद्दाम टाळलीयत, कारण कोण चुकलं यापेक्षा कुठल्या टप्प्यावर काय ठरलं हे बघायचंय. कंपन्यांची नावं मात्र लपवण्यात अर्थ नाही, गोष्ट जगजाहीर आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे कोड्यात बोलायला नको. सगळे शिव्या घालतात बंपरला. मला वाटतं बंपर बिचारा निर्दोष आहे, किंवा निदान दोन नंबरचा आरोपी आहे.

पार्श्वभूमी

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये मॉरिस गाड्या विकायचं आणि दुरुस्त करायचं ठिकाण, तिथे साध्या मॉरिसच्या सांगाड्यावर जरा चटपटीत बॉडी चढवून विकायला सुरुवात झाली आणि ते चाललं. १९२९ ला कारखाना एबिंग्डनला गेला, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठचं छोटं गाव. पुढची पन्नास वर्षं एमजी म्हणजे एबिंग्डन.

एमजीबी आली १९६२ मध्ये. आधीच्या एमजीएला वेगळी चेसिस होती, हिला नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. त्या काळात स्वस्तातल्या स्पोर्ट्स कारसाठी ही मोठी उडी होती, गाडी आतून ऐसपैस झाली, डिकी मोठी झाली, दारांना गुंडाळता येणाऱ्या काचा आल्या. पण बॉडीच्या खाली जे होतं ते मात्र जुनंच, ओळखीचं, मागे पाटे, पुढे कॉइल स्प्रिंग आणि लिव्हरवाले शॉकअप, आणि १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, ९५ हॉर्सपॉवर. हे इंजिन आपल्याला परकं नाही बरं का, आपल्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं. ज्यांनी घरची अँबेसेडर रविवारी स्वतः खोलली असेल त्यांना एमजीबीचं बोनेट उघडल्यावर चुलतभाऊ भेटल्यासारखं वाटेल. ताशी शंभर मैलांच्या जरा वर जायची, वेडी फास्ट नाही, पण चालवायला मजा, दुरुस्तीला सोपी आणि नोकरदार तरुणाला परवडेल अशी. १९६५ मध्ये वर छप्पर असलेली जीटी आली, तिच्या छपराच्या रेषेत पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा हात होता, आणि आजही ती बाजूने बघितली की कळतं.

आता या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या गाड्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक इंग्लंड नव्हता, अमेरिका होती. अर्ध्यापेक्षा कितीतरी जास्त गाड्या अटलांटिक ओलांडून जायच्या. म्हणजे एबिंग्डनमध्ये पगार व्हायचे ते कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमधल्या लोकांच्या जिवावर.

आणि मालक बदलत होते. १९६८ मध्ये विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड झाली, आणि त्याच छपराखाली ट्रायम्फ आली, जी एमजीची वर्षानुवर्षांची प्रतिस्पर्धी. वरच्या खुर्च्यांवर बसलेले लोक लेलँडच्या बाजूचे, म्हणजे ट्रायम्फच्या बाजूचे. एमजी बीएमसीच्या, म्हणजे विलीनीकरणातल्या दुसऱ्या पक्षाच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बाजूची. थोडक्यात दोन सावत्र भावंडं, आणि तिजोरीची किल्ली एकाच्याच आईकडे.

अडचण नेमकी काय होती

अमेरिकेने १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा केला आणि त्यानंतर दरवर्षी नवीन नियम यायला लागले. पहिली काही वर्षं एबिंग्डनने हे जुगाडावर निभावलं, आणि खरं सांगायचं तर जुगाड भारी होते. डॅशबोर्ड मऊ पाहिजे म्हटल्यावर अमेरिकेच्या गाड्यांना असा फुगीर गादीसारखा डॅश बसवला की त्याचं नावच पडलं ‘एबिंग्डनची उशी’. काचेचा अमुक इतका भाग पुसला गेला पाहिजे म्हटल्यावर दोनाऐवजी तीन वायपर लावून मोकळे झाले.

बंपरचा नियम वेगळा होता. १९७३ मॉडेलपासून गाडी ताशी ५ मैलांच्या वेगाने समोर भिंतीला धडकली तरी दिवे वगैरे सुरक्षेच्या वस्तूंना काही होता कामा नये, मागून अडीच मैल. पुढे तो कडक होत गेला, मागूनही ५ मैल, आणि वर लोलकाची टेस्ट आली, म्हणजे वजनदार लोलक ठराविक उंचीवर गाडीला येऊन आपटणार. ती उंची जमिनीपासून १६ ते २० इंच. हेतू सरळ होता, सगळ्या गाड्यांचे बंपर एका पातळीत आले की पार्किंगमध्ये एकाचा बंपर दुसऱ्याच्या दिव्यात घुसणार नाही.

आता एमजीबी बघितली असेल तर कळेल, ती मुळात जमिनीला टेकलेली गाडी. तिचे क्रोमचे बंपर नाजूक, दागिन्यासारखे, आणि खाली. म्हणजे इथे प्रश्न दोन होते आणि लोक ते एकच समजतात: बंपर मजबूत करायचा हा एक, आणि तो योग्य उंचीवर आणायचा हा दुसरा. पहिला सोडवायला पैसे लागतात. दुसरा सोडवायला एक तर गाडीचं नाक नव्याने काढावं लागतं नाहीतर अख्खी गाडी वर उचलावी लागते.

समोर कोणते पर्याय होते

अमेरिका सोडून द्यायची, हा पर्याय कागदावरही कोणी लिहिला नसता. मग कारखाना ठेवायचाच कशाला.

दुसरा पर्याय नवीन गाडी. आणि इथे खरी मेख आहे. एमजीबी काही कायम विकायची गाडी म्हणून बनवलेली नव्हती, तिच्या जागी काहीतरी येणार हे धरलेलंच होतं. साठच्या दशकात ईएक्स २३४ नावाचा प्रयत्न झाला, हायड्रोलॅस्टिक (द्रवावर चालणारं) सस्पेन्शन, पिनिनफारिनाची बॉडी, चालणारी प्रोटोटाइप तयार, आणि ती बासनात गेली. मग १९६९-७० मध्ये एडीओ २१, इंजिन मध्ये असलेली एमजी, मातीचं मॉडेलही झालं. तेव्हा ट्रायम्फही आपली नवीन स्पोर्ट्स कार घेऊन रांगेत उभी होती, आणि कंपनीकडे पैसे एकाच गाडीपुरते. एडीओ २१ रद्द झाली, ट्रायम्फची पुढे गेली आणि तीच पुढे टीआर ७ झाली. मी जर या केसमध्ये एकच टप्पा लाल पेनने गोल करायचा म्हटला तर हा करीन, १९७० चा, बंपरच्या नियमाने मानगूट धरायच्या आधीचा. कारण १९७३ मध्ये जेव्हा घाई झाली तेव्हा नवीन गाडीचा पर्याय संपलेला होता, नवी गाडी काढायला चार-पाच वर्षं लागतात आणि हातात महिने होते.

तिसरा पर्याय, नाक आणि शेपूट नव्याने काढून बंपर बॉडीवरच वर घ्यायचा, गाडी खालीच ठेवायची. दिसायला सगळ्यात चांगला झाला असता. पण म्हणजे नवीन मडगार्ड, नवीन डाय, नवीन प्रेसिंग, बारा वर्षं जुन्या गाडीवर एवढा खर्च, आणि तोही त्या काळात जेव्हा ब्रिटिश लेलँडकडे रोखीची बोंब होती. १९७५ मध्ये सरकारलाच कंपनी ताब्यात घ्यावी लागली, यावरून समजून घ्या.

चौथा, फक्त अमेरिकेसाठी वेगळी गाडी. अमेरिकेला काळा बंपर आणि उंच, बाकी जगाला क्रोम आणि खाली. मर्सिडीजने नेमकं हेच केलं होतं, त्यांच्या एसएलचे लांबुडके बंपर फक्त अमेरिकेत जायचे, युरोपात नाजूकच राहिले. पोर्शेने उलटा रस्ता घेतला, ९११ साठी १९७४ मॉडेलला नवीन बंपर काढला, बाजूला भात्यासारख्या काळ्या घड्या, आणि तो सगळ्या जगाला दिला, पण डिझाइन इतकं जमून आलं की १९८९ पर्यंत तसाच चालला. म्हणजे एकच नियम, तीन कंपन्या, तीन उत्तरं. अर्थात त्या दोघांच्या गाड्या एमजीबीच्या कितीतरी पट महाग होत्या, हे विसरून तुलना करणं अन्यायाचं होईल.

काय केलं

आधी तात्पुरती मलमपट्टी. १९७४ मॉडेलच्या अमेरिकन गाड्यांना क्रोम बंपरवरच दोन मोठे रबरी गोळे लावले. इंग्लंडमधल्या टवाळांनी त्याला लगेच नाव दिलं ‘सबरीना’, पन्नाशीच्या दशकातल्या एका भरगच्च बांध्याच्या नटीवरून. विनोद आजच्या काळात जरा खटकतो पण नाव चिकटलं, अजूनही पार्ट्सच्या कॅटलॉगमध्ये लोक तेच म्हणतात.

मग सप्टेंबर १९७४ मध्ये कायमचा उपाय. लोक त्याला रबर म्हणतात पण ते पॉलियुरेथेन आहे, आतमध्ये स्टीलचा भक्कम बीम. इंजिनियरिंग म्हणून बघाल तर काम अव्वल आहे. बारा वर्षांपूर्वी ज्या बॉडीच्या वेळी असल्या टेस्टचा कोणी विचारही केला नव्हता तिला त्यांनी धडकेच्या टेस्टमध्ये पास करून दाखवलं, आणि तेही बहुतेक पत्रा तसाच ठेवून. आकारही अगदी टाकाऊ नाही, गडद रंगाच्या गाडीवर तर तो चक्क शोभतो. हे मत क्लबमध्ये बोललं तर चहा मिळत नाही, पण आहे ते आहे.

उंचीचा प्रश्न मात्र सगळ्यात स्वस्त पद्धतीने सोडवला, गाडी उचलली. इंच-दीड इंच. ऐकायला काय आहे दीड इंच, पण या गाडीचं सगळं वागणं खालच्या वजनावर बेतलेलं. वर बंपरचं जादा वजन दोन्ही टोकांना लागलं, म्हणजे वळणावर जिथे नको नेमकं तिथे. आणि कहर म्हणजे याच वेळी उघड्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बार स्टँडर्डमधून काढून टाकला. म्हणजे उंच केली, टोकांना वजन लावलं, आणि झुकू नये म्हणून जी सळई होती ती काढली. वळणावर गाडी कलंडल्यासारखी व्हायला लागली आणि स्टिअरिंग वळवल्यावर मागचा भाग आपल्या मर्जीने यायला लागला.

इंजिनाची कथा वेगळी पण वेळ तीच. अमेरिकेच्या धुराच्या नियमांसाठी दोन एसयू जाऊन एक झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आला, कॅलिफोर्नियासाठी कॅटलिटिक कन्व्हर्टर, आणि ९५ वरून पॉवर साठ-पासष्टच्या आसपास. इंग्लंडच्या गाड्यांना मात्र दोन एसयू राहिले. हे नीट लक्षात ठेवा, याच्यावर परत येणार आहे: इंजिनाच्या बाबतीत कंपनी दोन प्रकार बनवत होती, बंपर आणि उंचीच्या बाबतीत मात्र साऱ्या जगाला एकच.

बिचाऱ्या व्ही ८ चंही तेच झालं. १९७३ मध्ये आलेली जीटी व्ही ८, रोव्हरचं ३५२८ सीसीचं हलकं इंजिन, १३७ हॉर्सपॉवर, आणि ती अमेरिकेत विकलीच नाही. म्हणजे ज्या बाजारासाठी मोठं इंजिन सगळ्यात जास्त कामाचं तिथे दिलं नाही, आणि ज्या बाजाराच्या नियमासाठी काळा बंपर लागायचा तो मात्र हिला इंग्लंडमध्ये लावला. २,५९१ गाड्या होऊन १९७६ मध्ये बंद.

पुढे काय झालं

विकली गेली. हे लोक सांगत नाहीत. मासिकांनी झोडपली, जुन्या मालकांनी नाकं मुरडली, पण १९७९ पर्यंत दरवर्षी वीस हजारांच्या वर एमजीबी बनत राहिल्या. त्याचं एक कारण गमतीशीर आहे. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी हवा होती, त्या भीतीने टीआर ७ सुरुवातीला फक्त छपराची काढली, १९७५ च्या सुरुवातीला अमेरिकेत आली, पाचरीसारख्या आकाराची. बंदी काही आली नाही. आणि मग ज्याला वारा खात गाडी चालवायचीय तो टीआर ७ च्या शेजारून चालत जाऊन तेरा वर्षं जुनी एमजीबी घ्यायचा. उघडी टीआर ७ अमेरिकेत पोचेपर्यंत १९७९ उजाडलं. या स्पर्धेत टीआर ७ ला जागा मोकळी मिळावी म्हणून जीटी तर आधीच अमेरिकेतून काढून घेतली होती.

१९७६ च्या उन्हाळ्यात एबिंग्डनने १९७७ मॉडेलसाठी दुरुस्ती केली, पुढे जाड अँटी-रोल बार आणि मागेही एक. गाडी लगेच सुधारली. उंचीने जे बिघडवलं होतं त्यातलं बरंचसं दोन सळयांनी परत आलं.

शेवट बंपरने नाही, पौंडाने केला. हिशोब साधा आहे, खर्च पौंडात, विक्री डॉलरमध्ये. १९७६ च्या शरद ऋतूत पौंड १.६० डॉलरच्या आसपास घसरला होता, तेव्हा निर्यात करणाऱ्याची चंगळ. १९८० च्या अखेरीस तो २.४० च्या जवळ. तीच गाडी, तीच किंमत, आणि हातात येणारे पौंड एक तृतीयांशाने कमी. मॅनेजमेंटचं म्हणणं होतं की अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक एमजीबीवर ९०० पौंडांचा तोटा होतोय. एबिंग्डनच्या लोकांना तो आकडा कधीच पटला नाही, कारण अशा आकड्यात कुठला खर्च कोणाच्या माथी मारलाय यावर सगळं असतं.

सप्टेंबर १९७९ मध्ये एबिंग्डनमध्ये कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा झाला, गावभर मिरवणूक, आणि लगेच सोमवारी, १० तारखेला, कंपनीने जाहीर केलं की कारखाना बंद होणार. कुठल्या शहाण्याने हे टायमिंग काढलं देवजाणे. अ‍ॅस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एका गटाने कारखाना आणि नाव विकत घ्यायचा प्रयत्न केला, १९८० च्या मध्याला तोही बारगळला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटच्या गाड्या बाहेर पडल्या, सगळ्या मिळून पाच लाखांच्या वर. आणि जिच्यासाठी एमजीला अठरा वर्षांत वारस मिळाला नाही ती टीआर ७ त्यानंतर वर्षभरच जगली, १९८१ मध्ये बंद.

अमेरिकेने ५ मैलांचा नियम १९८२ मध्ये सैल करून अडीचवर आणला. एमजीबीला त्याचा उपयोग शून्य.

वेगळं काय करता आलं असतं

एडीओ २१ बद्दल वर बोललोय. पण न्याय म्हणून हेही सांगतो की मध्यभागी इंजिन असलेली ती गाडी ब्रिटिश लेलँडच्या त्या काळच्या क्वालिटीत अमेरिकेला गेली असती तर टीआर ७ सारखीच वॉरंटीत परत आली असती, अशी शक्यता मला बऱ्यापैकी वाटते. एमजीबी टिकली यामागे एक कारण हेही होतं की तिच्यात बिघडण्यासारखं नवीन काही नव्हतं आणि एबिंग्डनचे लोक ती डोळे झाकून जुळवू शकत होते.

त्यामुळे मला १९७४ मधल्या दोन छोट्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, अँटी-रोल बार. हे तंत्रज्ञान नव्हतं, वाकवलेली सळई होती, आणि उंच गाडी जास्त झुकते हे एबिंग्डनमधल्या कोणालाही शिकवायची गरज नव्हती. १९७६ मध्ये जे बसवलं ते १९७४ मध्ये बसवलं असतं तर या गाडीची बदनामी अर्ध्यावर आली असती. पहिल्या दोन वर्षांतल्या टेस्ट रिपोर्टवरच तिचं नाव ठरलं आणि नंतर कोणी परत चालवून बघायच्या भानगडीत पडलं नाही.

दोन, इंग्लंड आणि युरोपला उंच गाडी देण्याची गरज नव्हती. बंपर एकच ठेवायचा हे मला पटतं, दोन प्रकारचा पत्रा एका लाइनवर ठेवणं डोकेदुखी आहे. पण उंची मुख्यतः पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा बीम) आणि मागच्या पाट्यांची बसवणी यांच्यावर ठरते, आणि जी कंपनी दोन बाजारांना दोन वेगळे कार्ब्युरेटर देत होती तिला एवढं जड नव्हतं. काळा बंपर पण खाली बसलेली गाडी, हा प्रकार घरच्या गिऱ्हाईकाने कुरकुरत का होईना पचवला असता.

तिसरी गोष्ट इंजिनाची. बी-सिरीजच्या जागी येणारं ओ-सिरीज इंजिन एमजीबीत बसवून चाचण्या चालू होत्या, पण गिऱ्हाईकापर्यंत ते पोचलंच नाही. पौंड ज्या दिशेने गेला ते बघता त्यानेही एक-दोन वर्षांपलीकडे आयुष्य वाढलं असतं असं मला वाटत नाही.

आज इंग्लंड-अमेरिकेत या गाड्या घेणाऱ्यांपुढे हेच प्रकरण उलट्या बाजूने येतं. रबरी बंपरची गाडी क्रोमवालीपेक्षा स्वस्त मिळते, आणि घेतल्या घेतल्या डोक्यात येतं की क्रोम करून टाकू. त्यात पुढची खालची पट्टी, मडगार्डची टोकं, मागच्या दिव्यांखालचा पत्रा, सगळं कापाकापीचं आणि रंगाचं काम येतं, आणि एवढं करूनही गाडी उंचीला तशीच राहिली तर ती आणखी विचित्र दिसते, उंच टाचांवर उभी. माझा क्रम उलटा असतो: आधी सस्पेन्शनचे बुश आणि शॉकअप, मग गाडी खाली घ्या, आणि १९७७ च्या आधीची असेल तर दोन्ही अँटी-रोल बार बसवा. मग हजारभर मैल चालवा. बऱ्याच जणांचं बंपरचं खूळ तोपर्यंत उतरतं. नाही उतरलं तर खुशाल बदला, गाडी तुमची आहे, फक्त काढलेला काळा बंपर भंगारात देऊ नका. न कापलेल्या रबरी गाड्या दिवसेंदिवस कमी होतायत, आणि पुढचा मालक कदाचित तोच शोधत येईल.